मशीनवर शिवलेली गोधडीही गोधडीच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला गोधडीवरचा लेख मी आस्थेने वाचला. जुन्या लुगड्यांचा मऊपणा, हाताने घातलेला धावदोरा आणि दुपारच्या वेळी ओसरीवर चार बायकांनी मिळून पुरी केलेली वाकळ यांविषयी लेखात जे लिहिले आहे, त्याच्याशी माझा काहीच वाद नाही. परंतु मशीनवर शिवलेल्या गोधडीला खरी गोधडी म्हणता येणार नाही, असे एक मत त्यात ओझरते आले आहे आणि ते मला मान्य नाही. मी बऱ्याच वर्षांपासून घरीच शिवणवर्ग चालवते. घरच्या साध्या मशीनवर पूर्ण मापाची, म्हणजे दोन माणसांच्या अंथरुणाची गोधडी शिवायला मी अनेक मुलींना आणि बायकांना शिकवले आहे. त्या कामात किती विचार, किती मोजमाप आणि किती सराव लागतो हे वाचकांपुढे यावे, म्हणून हे पत्र काहीसे विस्ताराने लिहीत आहे.

मशीनवरची गोधडी बदनाम झाली याला कारणे आहेत, आणि ती मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. शहरांत जागोजागी 'गोधडी शिवून मिळेल' अशा पाट्या दिसतात. तिथे काम करणारे कारागीर कष्टाळू असतात, पण त्यांना मिळणारी मजुरी इतकी थोडी असते की एका गोधडीवर फार वेळ घालवणे त्यांना परवडत नाही. मग टिपा पाच-सहा इंचांच्या अंतराने पडतात, सुती लुगड्याशेजारी नायलॉनची साडी बसते आणि कच्चा दोरा, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे लांब टाके, न घालताच थर मशीनखाली जातात. अशी गोधडी दोन धुण्यांत आतून गोळा होते. टिपांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत थर एकमेकांवरून सरकतात, पाणी पिऊन जड झालेले जुने कापड आपल्याच वजनाने फाटते आणि बायका म्हणतात की मशीनच्या गोधडीत दम नाही. यातला एकही दोष मशीनचा नाही. हेच कापड, हीच घाई आणि एवढेच विरळ टाके असतील, तर हाताने शिवलेली वाकळही टिकणार नाही.

प्रथम कापडाचा हिशेब सांगते, कारण तो जुन्या बायकांना तोंडपाठ असे आणि आता विसरला जात आहे. गोधडी सहा फूट रुंद आणि साडेसात फूट लांब धरली, तर नऊवारी लुगड्याचा हिशेब तिला फार चांगला जुळतो. नऊवारीची लांबी २७ फूट आणि पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे पावणेचार फूट. तिचे सहा-सहा फुटांचे चार तुकडे पाडून दोन-दोन तुकडे पन्ह्याकडून जोडले की साडेसात फुटांचे दोन पूर्ण थर मिळतात. जोडाच्या शिलाईत जे थोडे जाते तेवढेच कमी पडते आणि वर तीन फुटांचा तुकडा ठिगळांसाठी उरतो. तीन लुगड्यांत सहा थर होतात. पाचवारी साडीत मात्र असा मेळ बसत नाही, तिथे जोड वाढतात, आणि ते एकमेकांवर येऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते. एका थराचा जोड दुसऱ्याच्या जोडावर आला की त्या जागी कापडाची कड तयार होते आणि सुई नेमकी तिथेच मोडते.

वरचा ठिगळांचा थर हा गोधडीचा चेहरा असल्याने सगळे लक्ष त्यावर जाते. त्याविषयी मी एवढेच सांगेन की ठिगळे वेगवेगळ्या वयाची असली तरी जातीने एकच असावीत. सुती असतील तर सगळी सुती, आणि सगळी आधी धुऊन घेतलेली. नवे, न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुने आटत नाही. त्यामुळे शेजारच्या ठिगळाला कायमच्या चुण्या पडतात. टेरिकॉट किंवा जॉर्जेटचा तुकडा रंगाने कितीही मोह घालणारा असला तरी तो बाजूला ठेवावा, कारण तो दाबाखाली निसटतो आणि उन्हाळ्यात अंगाखाली गरम होतो.

आता मूळ मुद्दा. हाताने गोधडी शिवताना अनेक ठिकाणी कडेपासून सुरुवात करून, फिरत फिरत मध्याकडे जाण्याची पद्धत आहे. आपल्या शेजारी उत्तर कर्नाटकात कौदी, म्हणजे तिकडची गोधडी, शिवणाऱ्या बायका आणि यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी समाजातल्या बायकाही कडेकडूनच आत येतात. हाताच्या कामात हे अगदी योग्य आहे. शिवणारीचा डावा तळवा प्रत्येक टाक्याला कापड सपाट करत असतो, सुई चार धागे उचलते आणि सोडते, वरून कसलाही दाब नसतो, आणि कुठे जास्तीचे कापड साचलेच तर ते टाक्या-टाक्यात जिरवता येते. मशीनवर हीच पद्धत वापरली तर गोधडी बिघडते. मशीनमध्ये खालचे दात सर्वांत खालच्या थराला पुढे ओढतात आणि वरचा प्रेशर फूट सर्वांत वरच्या थराला दाबून मागे रोखतो. एका इंचाला हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण साडेसात फुटांच्या एका टिपेत तो साचत जातो आणि टीप संपते तिथे वरचा थर चांगला बोटभर पुढे ढकललेला सापडतो. कडा आधीच शिवून बंद केलेल्या असतील, तर या जास्तीच्या कापडाला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते मध्यावर येऊन चुणीच्या रूपाने टिपेखाली सापडते, आणि उसवल्यावाचून ती चुणी जात नाही.

म्हणून मशीनवर उलटे जावे लागते. पहिली टीप गोधडीच्या बरोबर मध्यावर, उभी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग तिथून कडेकडे. कडा शेवटपर्यंत उघड्या राहिल्या पाहिजेत. एका अर्ध्या भागातली प्रत्येक टीप एकाच बाजूने सुरू करावी, हेही महत्त्वाचे आहे. शेवटाला पोहोचल्यावर दोरा तोडायचा कंटाळा करून तिथूनच वळून परत येण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण एक टीप खाली जाणारी आणि शेजारची वर येणारी असली की एकीने कापड एका दिशेला ओढलेले असते आणि दुसरीने विरुद्ध दिशेला. दोन टिपांमध्ये तिरप्या सुरकुत्या पडतात आणि इस्त्री केली तरी त्या पुन्हा उमटतात. उजवा अर्धा भाग पुरा झाला की गोधडी फिरवून घ्यावी आणि डावा अर्धा तसाच मध्यापासून बाहेर करावा.

त्याआधीचे एक काम मी माझ्या विद्यार्थिनींना टाळू देत नाही, ते म्हणजे कच्चा दोरा. जमीन स्वच्छ पुसून सर्वांत खालचा थर उलटा पसरावा, त्याच्या चारही कडा ताणून चिकटपट्टीने फरशीला चिकटवाव्यात आणि मग एकेक थर मध्यापासून बाहेर तळव्याने सपाट करत घालावा. ताणायचे ते फक्त झोळ जाण्यापुरते. रबरासारखे ताणले तर पट्ट्या काढताच गोधडी आखडते. नंतर लांब टाक्यांचा कच्चा दोरा मुठीएवढ्या अंतराने उभा आणि आडवा घालावा. सेफ्टी पिनाही चालतात, पण त्या टिपेच्या वाटेत येणार नाहीत अशा लावाव्या लागतात आणि पाठीमागून दिसत नाहीत. मला कच्चा दोराच विश्वासाचा वाटतो. या कामाला शिवणाइतकाच वेळ लागतो, आणि तो वाया गेला असे कोणी समजू नये.

मशीनच्या बाबतीत सर्वांत मोठी धास्ती असते ती जागेची. आपल्याकडच्या नेहमीच्या काळ्या हेडच्या मशीनमध्ये सुई आणि उजवीकडचा खांब यांमधली मोकळी जागा जेमतेम सहा-सात इंचांची असते. तिच्यातून तीन फूट रुंदीची अर्धी गोधडी कशी जाणार, असा प्रश्न प्रत्येक नवी मुलगी विचारते. उत्तर असे की गोधडी घट्ट गुंडाळून जाते. सहा सुती थरांची, आत कापूस नसलेली तीन फूट रुंदीची बाजू नीट गुंडाळली तर तिची वळी दोन-तीन इंचांच्या जाडीची होते आणि मशीनच्या हाताच्या कमानीखालून आरामात सरकते. परदेशात मशीनवर जी क्विल्ट शिवतात तिच्यात कापसाचा किंवा पॉलिस्टरचा फुगीर थर असतो, त्यामुळे तिची वळी बरीच जाड होते आणि तिथल्या बायकांना याच जागेसाठी मोठ्या हाताची महाग मशीन घ्यावी लागतात. आपली गोधडी घरच्या मशीनला जितकी मानवते तितकी कापूस भरलेली रजई कधीच मानवणार नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिवाय सर्वांत अवघड टिपा अगदी सुरुवातीला येतात. मध्याकडून कडेकडे जाताना खांबाकडची वळी दर टिपेला बारीक होत जाते आणि काम सोपे होत जाते.

जागेपेक्षा वजनाचा त्रास खरा. सहा थरांची अशी गोधडी अडीच-तीन किलोंची भरते. तिचा एखादा भाग टेबलावरून खाली लोंबू लागला की सगळे वजन सुईवर येते, टाके लहान-मोठे पडतात, सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटून मोडते. म्हणून मशीनच्या डावीकडे आणि पाठीमागे त्याच उंचीचे काहीतरी हवेच. जेवणाचे टेबल असेल तर उत्तम, नाहीतर पलंगाला लागून मशीन ठेवावे. ज्यांच्याकडे जुने हातमशीन आहे त्यांनी ते जमिनीवर मांडून बसावे, गोधडीचा भार आपोआप जमिनीवर राहतो. चाक फिरवण्यात एक हात गुंततो, म्हणून टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटाला कापड धरायला सोबत कोणी असले तर बरे.

सुई १६ नंबरची, नवी. जोडांवरून जाताना जड वाटले तर १८ नंबरची. प्रेशर फूटच्या दांडीवर, हेडच्या डोक्याशी जो स्क्रू असतो तो थोडा सैल केला की दाब कमी होतो आणि वरचा थर ढकलला जाणे निम्म्यावर येते. वर्षानुवर्षे मशीन चालवणाऱ्या बायकांनीही हा स्क्रू कधी फिरवलेला नसतो. वॉकिंग फूट नावाचा एक जोड मिळतो, त्याला स्वतःचे वरचे दात असतात आणि तो वरचा-खालचा थर बरोबरीने पुढे नेतो. तो आपल्या मशीनला बसत असेल तर जरूर घ्यावा, पण त्यावाचून गोधडी अडत नाही. टाक्याच्या लांबीविषयी मात्र मी हट्टी आहे. इंचाला सात-आठ टाके, त्याहून बारीक नाही. जुन्या लुगड्याचे धागे विरलेले असतात आणि ब्लाउजसारखी बारीक टीप मारली की टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळ तयार होते आणि कापड नेमके त्या ओळीवर फाटते. उरलेल्या तुकड्यांचे तेवढेच थर घेऊन आधी त्यावर टीप मारून पाहावी. उलट बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण (टेन्शन) सैल आहे असे समजावे.

टिपा दीड इंचाच्या अंतराने घातल्या तर सहा फुटांच्या रुंदीत ४७ टिपा होतात. प्रत्येक साडेसात फुटांची, म्हणजे एकूण ३५० फुटांहून अधिक शिवण आणि सुमारे ३० ते ३४ हजार टाके. मशीन हे टाके भराभर घालते हे खरे, पण प्रत्येक टाक्याखालचे कापड शिवणाऱ्या बाईच्या दोन तळव्यांनीच सपाट केलेले असते. मशीनच्या कामात हात नसतो असे म्हणणाऱ्यांनी हे काम एकदा शेजारी बसून पाहावे.

सरळ टिपांच्या पलीकडेही पुष्कळ करता येते, आणि त्यासाठी लागणारे कौशल्य महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आजही आहे. पूर्वी शिवणवर्गांत मशीनवरचे भरतकाम आवर्जून शिकवत. प्रेशर फूट काढून ठेवायचा, दात खाली करायचे किंवा पट्टीने झाकायचे, कापड रिंगमध्ये ताणून दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचे आणि पाने-फुले-वेली काढायच्या. त्या काळात शिकलेल्या, आज साठीच्या पुढे असलेल्या बायकांचे हात हे काम विसरलेले नाहीत. गोधडीवर वळणदार टीप घालायची ती याच रीतीने. थर कच्च्या दोऱ्याने पक्के असल्यामुळे रिंगचीही गरज पडत नाही, फक्त जाड कापडासाठी डार्निंग फूट, म्हणजे कापड मोकळे फिरू देणारा फूट, लावावा लागतो आणि पायाची गती व हातांची गती यांचा मेळ राखावा लागतो. हात भरभर आणि पाय सावकाश असला की टाके लांब पडतात, उलट झाले की एका जागी दोरा साचतो. उशीवर, बाळाच्या दुपट्यावर, मग मोठ्या गोधडीवर, या क्रमाने हे सहज येते. ज्यांना मोठी गोधडी एकदम पेलत नाही त्यांनी दोन फूट रुंदीचे तीन लांब पट्टे वेगवेगळे शिवून घ्यावेत आणि नंतर दोन्ही बाजूंनी पट्टी लावून जोडावेत.

शेवटी गोट, म्हणजे कडांना लावायची पट्टी. गोधडीचा घेर दोन्ही लांब्या आणि दोन्ही रुंद्या मिळून बरोबर २७ फूट होतो, म्हणजे एका नऊवारीच्या लांबीइतका. ज्या लुगड्याचे अंग विरून गेले आहे पण काठ शाबूत आहेत, त्याचा एक काठ पूर्ण लांबीने कापून घेतला की तो चारही बाजूंना पुरतो आणि कोपऱ्यांसाठी लागणारा अधिकचा तुकडा दुसऱ्या काठातून निघतो. काठाची वीण दाट असल्याने ती धुण्यात विसविसत नाही.

हात की मशीन हा वाद इतरत्रही झालेला आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पडुका या गावी क्विल्ट करणाऱ्यांचे मोठे राष्ट्रीय प्रदर्शन भरते. तिथे सर्वोत्तम क्विल्टचा मान बरीच टीका सोसून १९८९ साली पहिल्यांदा मशीनवर शिवलेल्या क्विल्टला मिळाला, कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या. त्यानंतर तिथे मशीनकाम ही स्वतंत्र कला म्हणून शिकवली जाऊ लागली आणि हातकामही थांबले नाही. आपल्याकडे हातची गोधडी राहावीच, तिचे मोल वाढावे, असे मलाही मनापासून वाटते. पण नोकरी करून घर चालवणारी, किंवा डोळ्यांनी थकलेली बाई धावदोऱ्याने मोठी गोधडी पुरी करू शकत नाही, आणि तिच्या ट्रंकेत आईची, सासूची लुगडी घडीवर विरत पडली आहेत. त्यांचा उपयोग तिच्या हयातीत व्हायचा असेल तर तो मशीनवरच होईल.

या पत्राच्या निमित्ताने माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली शिवणाचे प्रशिक्षण देणाऱ्यांना. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, त्यात प्रशिक्षण मिळते आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतही मिळते. गावोगावच्या बचत गटांकडेही मशीन आली आहेत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वर्गांत मात्र परकर, ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस यांपुढे गाडी जात नाही, आणि सगळ्यांनी तेच शिवल्यावर गावात गिऱ्हाईक कोणाला मिळणार? मोठी गोधडी शिकवायला आठवडाभराचा वेळ पुरे आहे. कच्चा माल घराघरांत पडून आहे. बचत गटांनी प्रदर्शनात गोधडी विकायला ठेवताना कापड कोणते, थर किती आणि टिपांमधले अंतर किती हे चिठ्ठीवर लिहावे, म्हणजे पाच इंचांच्या टिपांची गोधडी आणि दीड इंचाच्या टिपांची गोधडी एकाच भावात मागितली जाणार नाही.

दुसरी विनंती आपल्याला. आपल्या पुरवणीत पाककृतींना दर आठवड्याला जागा असते. तशीच थोडी जागा काही आठवडे गोधडीच्या कृतीला द्यावी, आकृत्यांसह आणि मापांसह, आणि ती हाताने शिवणाऱ्या व मशीनवर शिवणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या अनुभवी बायकांकडून लिहून घ्यावी. ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांच्याकडे आपल्या वार्ताहरांना पाठवावे. मशीनच्या भागाची मापे, नमुन्याच्या टिपा आणि थर लावण्याच्या आकृत्या माझ्याकडे तयार आहेत, त्या मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

कळावे,
आपली नम्र,
एक शिवणशिक्षिका, सातारा